खालचीच जिंकली!

आमच्या वृद्धाश्रमात हॉलमधल्या खुर्च्या सगळ्यांच्या. आजी-आजोबांच्या, पाहुण्यांच्या, सिस्टरांच्या, ऑफिसवाल्यांच्या. आम्ही मावश्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढणार, पण टेकायचं मात्र जिन्यात. मागे एकीला चक्कर आली म्हणून ती खुर्चीत बसली, तर मॅनेजरबाईंनी तिला कायमचं घरी बसवलं. मला घरी बसून कसं चालेल? कमावणारी मी एकटीच.

त्या दिवशी व्यायामवाल्या पोरीने संगीत खुर्ची ठेवली. भेटीचा वार, लेकी-सुना बघायला. अहो, काय तो धिंगाणा! कुणाची काठी पडतेय, कुणाची कवळी! शेवटी खुर्ची एक आणि माणसं दोन: हेडबाई, म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, आणि त्यांचे हाडवैरी पोस्टमास्तर. दोघांचे दंड धरून मधे मी.

गाणं थांबलं. हेडबाईंनी झेप घेतली आणि गेला की तोल! म्हातारं माणूस पडायला लागलं की आपण त्याच्या खाली शिरायचं, ही आमची सवय. शिरले. मी खुर्चीत आणि हेडबाई माझ्या मांडीवर!

"खालचीच जिंकली!" पोस्टमास्तर ओरडले. हेडबाई हरल्या म्हणून त्यांना आनंद मावेना.

तेवढ्यात दारात मॅनेजरबाई. "ए, ऊठ आधी! खुर्चीवर बसतेस?"

मी उठायला धडपडले. "उठते बाई, पण वर हेडबाई आहेत."

"आणि मला इथे छान वाटतंय," म्हणत हेडबाई आणखी रेलल्या.

मॅनेजरबाईंनी त्यांना इकडून ओढलं, तिकडून ओढलं, स्वतःच घसरल्या. अहो, माणूस उठवायचं काम माझं, आणि मी तर खाली! लेकी-सुना तोंड दाबून हसत होत्या.

"मावश्या या खुर्च्यांवर बसतील असं म्हणा, मग उठते," हेडबाई म्हणाल्या. "नाहीतर जेवण इथेच आणा. दोघींचं."

सगळा हॉल बघत होता. "बसतील," मॅनेजरबाई पुटपुटल्या.

"मागच्या बाकाला ऐकू आलं नाही."

"बसतील!"

हेडबाई टुणकन उठल्या. काठी नाही, आधार नाही. लबाड बाई!

आता मॅनेजरबाई माझ्या उठण्याची वाट बघत राहिल्या. मी नाही उठले. रोज सकाळी ती खुर्ची मीच पुसते, पण बाई गं, ती इतकी मऊ असते हे मला ठाऊकच नव्हतं.