कॅनडाचा अहवाल अप्राप्त

आमच्या ह्यांच्या पित्ताशयात खडे झाले, आणि ह्यांनी फाइल उघडली.

खोटं नाही सांगत. सचिवालयात पस्तीस वर्षं टिप्पण्या लिहून रिटायर झालेला माणूस! सोनोग्राफी बघून मलकपेठचे डॉक्टर म्हणाले, "भगवंतराव, महिन्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल." मी घाबरून तारीखच विचारली. हे मात्र शांत. म्हणाले, "प्रकरण तपासून कळवतो."

दोन हजार साल होतं. सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानावरच्या माडीवर पाशाभाईंचं इंटरनेट नवीनच निघालेलं. हे रोज काचीगुड्याहून तिथं चालत जायचे आणि छापील कागदांचा गठ्ठा घेऊन यायचे. प्रत्येक कागदाला नंबर, कोपऱ्यात दोरा. निळ्या शाईनं कारकून भगवंतराव लिहायचे, 'सबब ऑपरेशनास हरकत नसावी.' त्याखाली हिरव्या शाईनं साहेब भगवंतराव शेरा मारायचे, 'चर्चा करावी.' आणि चर्चा कुणाशी? आरशाशी! दाढी करताना!

"अहो, पोट तुमचं, खडे तुमचे, कारकून तुम्ही, साहेबही तुम्हीच. मग अडलंय कुठं?"

"कॅनडात," हे म्हणाले.

इंटरनेटवर खडेवाल्यांचं एक मंडळ होतं, एकमेकांना मेल लिहिणाऱ्यांचं. त्यात विनिपेग गावचा गॉर्डन म्हणून एक बसड्रायव्हर. ह्यांच्याच वयाचा, ह्यांच्यासारखेच खडे. त्यानं लिहिलं होतं, 'उद्या माझं ऑपरेशन.' त्यानंतर चकार शब्द नाही. ह्यांनी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं स्मरणपत्र. मग 'प्रिय श्री. गॉर्डन' करून अर्धशासकीय पत्र. फाइलवर शेरा पडला: 'कॅनडाचा अहवाल अप्राप्त. तोवर प्रकरण प्रलंबित.'

"मेला असेल तो!" मी एकदा चिडून बोलून गेले. ह्यांचा चेहरा असा उतरला की माझी मलाच लाज वाटली.

तिसऱ्या आठवड्यात कळ आली. जेवता जेवता ताट सारून हे जमिनीवर आडवे झाले. सदरा घामानं चिंब. "ऑटो बोलावते," म्हटलं, तर दात आवळून म्हणतात, "आधी... मेल... बघून ये." आता काय म्हणावं ह्या माणसाला!

तासाभरानं कळ ओसरली, हे झोपले, तशी मी चपला पायात घातल्या. बास झालं.

"पाशाभाई, कॅनडासे चिठ्ठी होना."

"अम्मा, आई नहीं तो मैं कां से लाऊँ?"

"तुम लिखो. मैं बोलती."

तीस वर्षं मराठी शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या, आणि साठीला मी बसड्रायव्हर झाले. पाशाभाईंनी गॉर्डनच्या नावानं मेलचा नवा पत्ता काढला. मी इंग्रजीत सांगत गेले: ऑपरेशन झालं, काही त्रास नाही, बस चालवतो आहे, तुम्हीही उशीर करू नका, आणि जाता जाता माझ्या मनातल्या आणखी दोन गोष्टी. शेवट कसा करावा सुचेना. मग ह्यांच्या पत्रांत जन्मभर पाहिलेलं तेच घातलं, 'काइंडली डू द नीडफुल अँड ओब्लाइज.' पाशाभाई हसू दाबत टाइप करत होते.

दुसऱ्या दिवशी नको नको म्हणताना हे गेलेच. कागद घेऊन आले, चष्मा पुसला, एकदा वाचलं, दोनदा वाचलं.

"विनिपेगचा बसड्रायव्हर," हे हळूच म्हणाले, "नीडफुल करा म्हणतो."

मी तांदूळ निवडत राहिले.

"तूप बंद करा, मिसेसचं ऐका, असंही म्हणतो."

मनात म्हटलं, पकडले गेले, आता फाइल माझ्या डोक्यात हाणतात. ह्यांनी हिरवं पेन काढलं. 'अहवाल प्राप्त. मान्य.' खाली सही, तारीख. पेनाला टोपण मात्र लावलं नाही.

"पद्मा, मला फार भीती वाटते गं," हे म्हणाले. सदतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. "त्या कॅनडावाल्याला जरा विचार, ऑपरेशन चालू असताना दाराबाहेर बसेल का म्हणून."

"बसेल," मी म्हटलं. "सकाळपासून बसेल."