अहो आंधळे

दुकानात चष्मेवाल्याचं कुणी ऐकत नसे. त्याने गोल फ्रेम सुचवली की गिऱ्हाईक चौकोनी घेई, आणि महिन्याभराने गोलच हवी होती म्हणून भांडायला येई. घरात तर विचारूच नका. बायको बोले, लेक बोले, तो ताटातलं संपवी. पण रविवारी सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून तो मैदानात उतरला की बावीस दांडगे गडी त्याच्या एका फुंकरीवर जागच्या जागी थांबत. त्या एका सकाळीसाठी तो उरलेला आठवडा जगत असे, यात काही खोटं नाही.

अडचण एवढीच, की त्याला लांबचं दिसत नसे. दुकानात नाकावर चष्मा असे, पण गिऱ्हाइकांना तो विकायचा नमुना वाटे; रविवारी मात्र चष्मा घरीच राही. चष्मा घालून मैदानात उतरणं म्हणजे माकडांच्या हाती कोलीत देणं, असं त्याचं ठाम मत होतं. चेंडू कुणाकडे आहे हे तो जर्सीच्या रंगावरून ओळखे आणि फाउल झाला की नाही हे आरडाओरड्यावरून. शंका आली तर तो शिट्टी जास्त जोरात फुंकी. जो जोरात फुंकतो त्याला दिसलंच असणार असा लोकांचा समज असतो, आणि तो काही फुटबॉलपुरताच नाही.

सेमीफायनलला घात झाला. बेकरीवाल्याच्या टीमचा स्ट्रायकर म्हणजे चष्मेवाल्याचा जावई. धंद्याने प्लंबर, स्वभावाने गरीब. त्याने चेंडू छातीवर घेतला, खाली सोडला आणि जाळ्यात मारला. दुसऱ्या टीमने ‘हँड, हँड’ असा गलका केला. चष्मेवाल्याला दिसला एक निळा ठिपका आणि त्याला चिकटलेलं हातासारखं काहीतरी. त्याने सणसणीत शिट्टी फुंकून गोल रद्द केला. जावई धावत आला, अगदी जवळ येऊन दोन शब्द बोलला. चष्मेवाल्याचा हात खिशात गेला तो लाल कार्ड घेऊनच बाहेर आला.

दहा जणांत खेळूनही जावयाची टीम पेनल्टीवर जिंकली. म्हणजे पुढच्या रविवारी फायनल, आणि कार्ड कायम राहिलं तर जावई कट्ट्यावर. बेकरीवाल्याने लीगकडे तक्रार ठोकली, की रेफ्रीने घरची खुन्नस मैदानात काढली. लीगच्या अध्यक्ष लॉन्ड्रीवाल्या बाई. त्यांनी निरोप धाडला, की तक्रार खरी निघाली तर शिट्टी जमा करावी लागेल.

घरी लेक बोलेनाशी झाली. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला होता आणि घरात प्लंबर जावई असून चष्मेवाल्याने खाली बादली लावली होती. बायको येता-जाता त्या बादलीकडे बघे आणि मग त्याच्याकडे.

सुनावणी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत होती. आपल्याला चष्मा लागतो हे बेकरीवाल्याला कळायला नको, म्हणून चष्मेवाला तो मुद्दाम घरी ठेवून गेला. आत शिरताना त्याने हँगरवरच्या एका कोटाला नमस्कार केला. कोट काही बोलला नाही, म्हणून तो पुढे झाला. इस्त्रीच्या टेबलापलीकडे बाई बसल्या होत्या, एका बाजूला बेकरीवाला आणि त्याच्यामागे मान खाली घालून जावई.

“अहवालात तुम्ही नुसतं ‘अपशब्द’ लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “कुठला शब्द?”

“चारचौघांत सांगण्यासारखा नाही,” चष्मेवाला म्हणाला.

“मी वीस वर्षं लोकांचे कपडे धुतेय. मला काही नवीन नाही. सांगा.”

बेकरीवाल्याला दम निघेना. “मी सांगतो बाई. तो ‘आंधळ्या’ म्हणाला. पण यांना नाही. आमच्या गोलकीपरला सगळे आंधळा म्हणतात, त्याला हाक मारली. आता हे बघा, सासऱ्याला कुणी अरेतुरे करतं का? ‘अरे आंधळ्या’ असं म्हणालाय, म्हणजे सासरा नाहीच.”

मुद्दा बिनतोड होता. बाईंनी इस्त्री बाजूला सरकवली. “चष्मेवाले, तुम्ही काय ऐकलंत? ‘अरे आंधळ्या’ की ‘अहो आंधळे’?”

चष्मेवाल्याने ‘अहो आंधळे’च ऐकलं होतं, चांगलं स्पष्ट. एवढं सांगितलं की खटला त्याचा, शिट्टी त्याची. पण पुढचा प्रश्न कुठला येणार हेही त्याला ठाऊक होतं. जावयाच्या तोंडी हे आलं कुठून? घरात बायको त्याला रोज हीच हाक मारत होती. मांजर समजून उशीला हाकललं, अहो आंधळे. शेजारणीला मेहुणी समजून आत बोलावलं, अहो आंधळे. हे गावभर झालं तर दुकानात कोण डोळे तपासून घेईल? आणि जावयालाही हे सगळं ठाऊक होतं. ‘सासूबाईंचंच ऐकून म्हणालो’ असं एक वाक्य बोलला असता तर तो सुटला असता. तो बोलला नव्हता. सासऱ्याची अब्रू झाकत फायनल घालवायला निघाला होता बिचारा. चष्मेवाल्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात दार उघडलं.

“अहो आंधळे,” दारातून बायको म्हणाली, “चष्मा राहिला की घरी.”

“आलो,” चष्मेवाला सवयीने म्हणाला आणि उठून भलत्याच कोपऱ्यात, कोटांकडे चालू लागला.

बाईंनी तोंडावर टॉवेल धरला. बेकरीवाल्याने तेवढाही त्रास घेतला नाही. बायकोने नवऱ्याला दंडाला धरून सरळ केलं आणि चष्मा त्याच्या नाकावर बसवला. समोर जावयाचा चेहरा दिसला. तो हसत नव्हता.

“बायको रोज म्हणते, तो अपशब्द कसा हो?” बाईंनी विचारलं.

“नाहीच,” चष्मेवाला म्हणाला. “आणि बाई, तो हँडही नव्हता. म्हणजे असेल किंवा नसेल. मला दिसलंच नाही. त्याने खरं ते सांगितलं, म्हणून मी त्याला बाहेर काढलं.”

चष्मेवाल्याने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली, एका धुतलेल्या रुमालाला पुसली आणि परत त्याच्यापुढे सरकवली. “कार्ड रद्द. आणि दुसरा रेफ्री आहे कुठे? चष्मा लावून या. आणि दोरी बांधा, पडेल.”

फायनलला चष्मेवाला दोरी बांधून उतरला. पहिल्यांदाच त्याला कडेची माणसं दिसली. तो शिट्टी फुंकताना गाल फुगवत होता आणि पुढच्या रांगेतला माणूस त्याची नक्कल करत होता. बहुधा इतकी वर्षं हेच चाललं असावं. वाईट वाटलं, पण खेळ चालू होता.

शेवटच्या क्षणी दुसऱ्या टीमचा चेंडू गोलात शिरत होता आणि गोलकीपर आडवा पडला होता. रेषेवर धावत येऊन एका निळ्या जर्सीवाल्याने तो हाताने थोपवला. दोन्ही हातांनी, नळाचं पाणी अडवावं तसा. चष्मेवाल्याला सगळं दिसलं, अगदी बोटांसकट. कुणाची बोटं तेही दिसलं. काल संध्याकाळी त्याच बोटांनी त्याच्या घरचा नळ बसवला होता.

त्याने शिट्टी फुंकली, हळूच, आणि लाल कार्ड वर केलं.

जावई जवळ आला. “दिसलं वाटतं,” तो म्हणाला.

“दिसलं.”

“मग काय,” म्हणून तो निमूट बाहेर गेला. पण बेकरीवाला कट्ट्यावर चढला आणि त्याच्यामागे त्याची सगळी माणसं उठली. त्यांच्यात चष्मेवाल्याची लेक होती, आणि बायको तर सर्वांत पुढे. सगळे एका सुरात ओरडत होते, “अहो आंधळे! अहो आंधळे!”

चष्मेवाल्याने चेंडू पेनल्टीच्या जागेवर ठेवला. त्याचा निर्णय आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी बघून दिलेला होता आणि त्यावरच अख्खं मैदान खवळलं होतं. पण कान देऊन ऐकलं तेव्हा त्याला बरं वाटलं. एकजणही ‘अरे’ म्हणत नव्हता.