पंधरावं गाव

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा फुटबॉल आहे. तुमच्या ओळखीच्या खेळातला मात्र नव्हे. आयर्लंडच्या या खेळात मला पायाने मारतात, हातात धरून पळतात आणि मुठीने ठोसा देऊन दुसऱ्याकडेही पाठवतात. एका संघात पंधरा जण असतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण माझा जीव त्यातच अडकला होता.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला हाताने शिवलं आणि पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका लहान कॉलेजात पाठवून दिलं. त्याच वर्षी आमच्या पोरांनी माझ्याशी खेळून कॉलेजांचा करंडक जिंकला. मग मला मानाचं काम मिळालं. दर वर्षी स्पर्धेसाठी संघाची यादी पाठवायच्या दिवशी सगळे मैदानावर रांगेत उभे राहतात. एकेकाने पुढे यायचं, स्वतःचं नाव नाही तर गावाचं नाव मोठ्याने सांगायचं आणि मला फटका मारायचा. ज्याचा फटका नाही, त्याचं नाव यादीत नाही.

काय थाट होता तेव्हा! चाळीस-चाळीस पोरं यायची आणि जागा न मिळालेली रडत घरी जायची. नऊ करंडक जिंकले आम्ही. मला थोडा गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे लोकरीची गिरणी बंद पडली. माणसं कामासाठी पूर्वेकडे, डब्लिन, ड्रोहेडा, डंडॉककडे निघून गेली. इकडच्या शाळांत मुलंच उरली नाहीत आणि तिकडची कॉलेजं बघता बघता जिंकू लागली. आमच्या पहिल्या कर्णधाराचा नातू ड्रोहेड्यात वाढला. तो एकदा आमच्याच विरुद्ध खेळायला आला आणि तीन गोल करून गेला. त्याच्यावर राग तरी कसा धरणार? पण रांगेतून दर वर्षी एखादं गाव कमी व्हायचं आणि मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटायचं.

२०२० च्या मार्चमध्ये कॉलेजला कुलूप लागलं. मी प्रेसमध्ये पडून राहिलो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. अंधार, ओल आणि अंगावर हिरवट बुरशी. दीड वर्षाने संघाच्या प्रशिक्षक मोराबाईंनी दार उघडलं, तेव्हा त्या कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "पंधरा भरले नाहीत तर संघ शेजारच्या कॉलेजात मिसळणार. आपला संघ संपला म्हणून समज." मित्रांनो, माझ्यातली उरलीसुरली हवाही गेली.

कशीबशी चौदा पोरं जमली. पंधरावा मिळाला तो विक्रांत. अकोल्याचा, कॉम्प्युटरचं पुढचं शिक्षण घ्यायला आलेला. शाळेत कबड्डी खेळायचा, म्हणून मोराबाईंनी त्याला चक्क गळ घातली. महिनाभरात तो बरा खेळू लागला. माझी बुरशी पाहून तो हळहळला आणि तेल लावून देतो म्हणत मला घरी घेऊन गेला.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, यादी पाठवायची होती. पाच वाजता मुदत संपणार होती. आणि त्याच दिवशी खंडेनवमी होती.

विक्रांतच्या भाड्याच्या घरात शेजारच्या खोलीत राहणाऱ्या ज्ञानदाने सकाळी भाजी चिरायची फळी धुऊन तिच्यावर रुमाल अंथरला. "विक्रांत, लॅपटॉप ठेवलास, मग हा पण ठेव ना. आता तुझं शस्त्र हेच."

हळद-कुंकू लागलं. झेंडू मिळाला नव्हता, म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती वाहिली. इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझा मान ठेवला होता. मी सुखावलो. तेवढ्यात ज्ञानदा म्हणाली, "आता उद्यापर्यंत याला वापरायचं नाही. पाय तर अजिबात लावायचा नाही."

मी हादरलोच. विक्रांतने मान डोलावली आणि मला तिथेच ठेवून तो मैदानावर गेला. फटका कुठल्याही बॉलला चालतो, अशी त्याची समजूत होती! चार वाजले. सव्वाचार झाले. मी उदबत्तीच्या धुरात बसून होतो आणि मला ओरडताही येत नव्हतं.

अखेर ज्ञानदाचा फोन वाजला. "अगं, बॉल घेऊन ये, प्लीज! मोरा म्हणतेय, तोच लागतो. नाहीतर लिस्टच जाणार नाही."

"अरे, पण पूजा केलीये!"

"तू ये तर आधी!"

जॅकेटमध्ये गुंडाळून तिने मला सायकलवरून नेलं. पंधरा जण रांगेत उभे होते. मोराबाईंनी मला हातात घेतलं. "हे लाल काय लावलंय?"

"सॉरी, मोरा," विक्रांत म्हणाला. "आज आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा असते. मी आज याला पाय नाही लावू शकत."

पावणेपाच झाले होते. चौदा फटके बसतील आणि पंधरावा बसणार नाही, एवढंच मला दिसत होतं. मोराबाईंनी मला हळूच फिरवलं, कुंकवाकडे पाहिलं आणि विचारलं, "मूठ चालेल?"

विक्रांतने ज्ञानदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "पूजा झाल्यावर गाडीची एक चक्कर मारतोच ना आपण? मुठीने चालेल. पाय नको."

"ग्रँड," मोराबाई म्हणाल्या. "मग आज सगळेच मुठीने."

पंधराच्या पंधरा जणांनी मूठच वापरली. शेवटी विक्रांतने मला कपाळाला लावलं आणि ओरडला, "अकोला!" इतक्या वर्षांत असं गाव मी ऐकलं नव्हतं. पाचला तीन मिनिटं कमी असताना यादी गेली. मोराबाईंनी डोळे पुसले आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

पहिलाच सामना आम्ही अकरा गुणांनी हरलो. पुढच्या वर्षी विक्रांत नोकरीसाठी डब्लिनला जाईल, हेही मला कळलंय. भीती गेलेली नाही, मित्रांनो. म्हणून एवढंच मागतो. जुन्या वस्तूंना नुसतं कपाटात जपू नका, त्यांना कामात ठेवा. आणि तुमच्या रांगेत कुणी नवा, लांबून आलेला उभा असेल, तर त्याला आधी त्याचं गाव विचारा. चौदा गावं मोजून झाली की मी अजूनही कान देऊन बसतो.