पेट्रोल पंपाच्या पुढे

जिन्यात स्पिरिट-पॉलिशचा वास आला आणि बेल वाजायच्या आधीच हॅलोताईने हातातला कप खाली ठेवला.

"वहिनी, इंजिनचा नवरा आलाय."

वहिनीने दार उघडलं. खरंच तोच होता. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या माणसाचा वास त्याच्या आधी घरात शिरतो. तो खुर्चीच्या कडेवर बसला असावा, कारण खुर्ची एकदाच, अर्धवट कुरकुरली. वहिनीने त्याच्या हातात चहा दिला.

हॅलोताई इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. जन्मापासून डोळ्यांनी काही दिसत नसे, आणि त्याबद्दल बोलायला तिला सवडही नसे. सकाळी पळणाऱ्यांच्या गटात ती शिरली तेव्हा त्यांनीच तिचं नाव हॅलोताई पाडलं. पळताना तिच्याबरोबर दुसरं कुणी लागायचं. एका नाडीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्या दुसरीच्या. ती दुसरी म्हणजे इंजिन. शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करणारी बाई. पळताना तिचा श्वास फुसफुसायचा आणि तोंडही तेवढंच चालायचं, म्हणून इंजिन. खड्डा, गतिरोधक, कुत्रं, सासू, भाजीचे भाव, सगळं एका दमात यायचं.

एका रविवारी पहाटे एका पिकअप गाडीच्या ड्रायव्हरला डुलकी लागली आणि गाडी मागून त्यांच्या घोळक्यात घुसली. तिघं गेली. औषधाच्या दुकानातला, लग्न ठरलेला मुलगा, बँकेतले काका, आणि इंजिन. हॅलोताईला कळलं ते एवढंच की हातातली नाडी एकदम ताणली गेली, आणि मग सैल पडली. ती गुडघे सोलून रस्त्यावर बसली होती आणि हाका मारत होती. बाकीचे सगळे ओरडत होते. जिचं तोंड कधी बंद नसायचं, ती तेवढी गप्प होती.

"ताई," अखेर नवरा बोलला, "शेवटी तुम्हीच होतात तिच्याजवळ. ती काही बोलत होती का?"

"आठवत नाही."

पोलिसांना तिने हेच सांगितलं होतं. इंजिनच्या बहिणीलाही हेच.

"बरं." खुर्ची पुन्हा कुरकुरली. दारापर्यंत जाऊन तो थांबला. "आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. मी म्हटलं, या वयात पळून काय मेडल लावणारेत का तुला. सकाळी निघताना ती 'येते' म्हणाली. मी जागा होतो. पण कूस बदलली, आणि गप्प पडून राहिलो."

तो जिना उतरून गेला. वास मागे राहिला.

वहिनीने कपबशा उचलल्या. "तुला सगळं आठवतंय," ती म्हणाली. "मला तरी खोटं नको सांगूस."

"आठवतंय. पण काय सांगू त्याला? त्यालाच शिव्या घालत होती म्हणून?"

"मग गोड काहीतरी सांग. कोण विचारायला जाणारे?"

हॅलोताईने यावर दोन दिवस डोकं शिणवलं. बोर्डावर बसली की घाबरलेली माणसं फोन करायची. ती त्यांना वॉर्डात जोडून द्यायची. जन्मभर तिने इकडचा आवाज तिकडे पोचवला होता. त्यात पदरचं काही मिसळलं नव्हतं. आणि इंजिनच्या तोंडी दुसऱ्याचे गोड शब्द घालणं तिच्या मनाला पटेना. जणू त्या बाईला दुसऱ्यांदा गप्प करायचं होतं.

गटातल्या मास्तरांचा फोन आला. रविवारी सगळ्यांनी त्याच रस्त्यावरून नुसतं चालायचं ठरलं होतं. "येणार का? कुणीही तुझा हात धरेल." आधी दोनदा तिने नाही म्हटलं होतं. या वेळी म्हणाली, "येते. पण माणूस मी आणते."

तिने स्वतः पॉलिशवाल्याला फोन लावला.

"मला पळता येत नाही, ताई. जिना चढलो तरी धाप लागते."

"चालायचंच आहे."

रविवारी तो आला. नाडी बांधायला हॅलोताईच तयार नव्हती. तिने त्याचं कोपर धरलं. माणूस भला, पण वाट दाखवण्याच्या कामात अगदीच कच्चा. पहिल्याच वळणावर त्याने तिला खांबावर नेऊन आदळलं.

"अरे देवा! लागलं का?"

"मला नाही. खांबाला विचारा."

तो हसला, आणि हसल्याचीच लाज वाटून गप्प झाला. मागे गटातली माणसं चालत होती. एरवी यांचे पाय कसे वाजायचे, आज नुसते घासत होते. मास्तर सारखे नाक ओढत होते.

"मी त्या दिवशी खोटं बोलले," हॅलोताई म्हणाली. "मला आठवतंय."

त्याचं कोपर ताठ झालं.

"इथं ती तुमच्यावर चिडलेली होती. अगदी निघाल्यापासून. हा माणूस म्हणजे नुसतं लाकूड, म्हणाली. पॉलिश केलेलं."

"असं म्हणाली?"

"अजून बरंच. सगळं सांगू?"

"सगळं सांगा."

मग तिने सगळं सांगितलं. तो जागा असून झोपेचं सोंग घेतो, ते तिला कळत होतं. डब्याला कधी बरं म्हणत नाही. तिच्या भावाच्या लग्नात तोंड फुगवून बसला होता, तेही निघालं होतं. तो मधूनमधून "हो, खरं आहे" म्हणत होता, जणू ती समोर उभी राहून बोलत होती. पेट्रोलचा वास आला तेव्हा हॅलोताई म्हणाली, "पंप आला ना? इथपर्यंत शिव्या. इथून पुढे ती विसरली."

"विसरली म्हणजे?"

"तिचा राग कधी पंपाच्या पुढे गेलेला मी ऐकलेला नाही. इथून पुढे चपलांचं निघालं. तुमच्या चपलेचा अंगठा तुटलाय, खिळा मारून वापरता. दुपारी ओढत दुकानात नेते, म्हणाली. काळ्या नको, तपकिरी घेऊ, पायाला शोभतात त्याच्या."

 त्याची पावलं लहान झाली. इतकी लहान, की मागच्यांना थबकावं लागलं, पण पुढे कुणी गेलं नाही.

उताराची चाहूल पायांना लागली तशी हॅलोताई थांबली. 

"इथं. इथं ती म्हणाली, 'त्याला म्हणावं—'"

तो वाट पाहत राहिला. "काय म्हणावं?"

"एवढंच."

त्याच्या छातीतून एक आवाज आला, आणि तो तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसला. हॅलोताई त्याच्या शेजारी बसली. मास्तर जवळ आले आणि तसेच मागे सरकले. बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"आता मला एक सांगाल?" हॅलोताई म्हणाली. "इतकी वर्षं तिच्याबरोबर पळाले, पण कधी विचारलं नाही. ती दिसायची कशी?"

त्याला शब्द सापडेनात. "सावळी होती. केस... केस दाट होते. हनुवटीवर तीळ होता एक." मग त्याला ते सगळं अपुरं वाटलं असावं. तो उठला, त्याने तिला हाताला धरून उभं केलं, आणि तिचा तळहात आपल्या छातीजवळ, खांद्याच्या बराच खाली, हवेत आडवा धरला.

"इथपर्यंत यायची."

"एवढीशी?"

"एवढीशीच."

त्याने हात सोडला. हॅलोताईने आपला तळहात तिथेच, तेवढ्याच उंचीवर, धरून ठेवला.