चिकटलेलं आतडं

मी आतडं बोलतोय. नाक मुरडू नका. जिवाभावाच्या माणसासाठी तुमचं आतडं तुटतं, तेव्हा माझंच नाव घेता ना? मग माझे दोन शब्दही ऐका.

माझी मालकीण पोहायला शिकवते. घाबरलेल्या पोरांना पोटाखाली हात देऊन तरंगवायचं, हे तिचं काम. मी तिच्या पोटात वेटोळी घालून राहतो. माझा स्वभाव सरकता. ती वाकली की मी सरकतो, ती जेवली की कामाला लागतो.

एकदा तिचं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण पोट उघडलं की आत धावपळ उडते. शरीराच्या पहारेकरी पेशी धावत आल्या. हेतू चांगलाच होता, जंतू मारायचे आणि जखम सांधायची. पण उत्साहाच्या भरात त्यांनी इतके चिकट धागे पसरले की मी पोटाच्या भिंतीलाच चिकटलो. पुढे त्या धाग्यांच्या दोऱ्या झाल्या.

तिने हात लांबवला की मी ओढला जायचो. जेवण झालं की कळ यायची.

"गॅस असेल," नवरा म्हणायचा.

"तू नीट चावतच नाहीस," थोरली बहीण म्हणायची.

एका दुपारी तलावाच्या काठावरच ती उलट्या करत खाली बसली. मला पीळ पडला होता. पाण्याचा घोटही पुढे ढकलता येईना.

दवाखान्यात नाकातून नळी घालून पोट हलकं केलं, तरी मी सुटलो नाही. सर्जनबाई म्हणाल्या, "आतडं चिकटलंय. दोऱ्या कापाव्या लागतील."

"कापल्या की सुटले मी?" मालकिणीने विचारलं.

"सांगता येत नाही. कापलं की पुन्हा जखम, पुन्हा धागे." त्या खुर्ची ओढून बसल्या. "आमच्याकडे एका औषधाची चाचणी चालू आहे. त्या पेशींना पहिले काही दिवस शांत ठेवायचं. हाकलायचं नाही, जखम भरायला त्याच लागतात."

"म्हणजे माझ्यावर प्रयोग?"

"हो. नाही म्हणालात, तरी ऑपरेशन तितक्याच मनापासून करीन."

"नको ती भानगड," नवरा पुटपुटला.

तिने त्याचा हात धरला. "अरे, सारखं पोट उघडून घेण्यापेक्षा हे बरं. मला पाण्यात परत जायचंय."

दोऱ्या कापल्या गेल्या. औषध माझ्या अंगावरून गार ओघळलं. पेशी आल्या, पण या वेळी दबकत. जखम सांधली आणि पसारा न घालता निघून गेल्या.

मी मात्र रुसल्यासारखा गप्प पडून होतो. सर्जनबाई रोज पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकायच्या आणि "अजून नाही" म्हणून जायच्या. नवऱ्याचा चेहरा उतरायचा. मग एका सकाळी मी गुडगुडलो.

"चालू झालं हो!" सर्जनबाई म्हणाल्या. मालकीण हसली आणि टाके दुखले म्हणून लगेच थांबली.

आता ती पुन्हा पाण्यात उतरते. धागे कधीच होणार नाहीत असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, मला छातीच नाही. सर्जनबाईही तपासायला बोलावतात, औषधाचा गुण अजून बऱ्याच जणांवर बघायचाय म्हणतात. पण आज मी मोकळा आहे.

एवढंच सांगतो, ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पोटात वरचेवर कळ आली, तर घरातच निदान करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

बराय, निघतो. तिने पहिला घास घेतलाय.