फवाऱ्याची चव

घशात मारायच्या त्या फवाऱ्याच्या चवीवर दोन माणसांचं एकमत होईल तर शपथ. दुर्बिणीने पोट तपासायचं तर आधी घसा बधिर करावा लागतो, आणि फवारा मारून झाला की सिस्टर प्रत्येकाला विचारायच्या, "कसा लागला?" त्यांना तो नादच होता. शिंपी म्हणाला, पिकलेलं केळं. मास्तरीणबाई म्हणाल्या, रबरी चप्पल. एका आजोबांनी तर औषध बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बाकावर बसलेल्या आचाऱ्याला मात्र धास्ती होती ती या प्रश्नाची. दुर्बिणीला तो भीत नव्हता. मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून त्याच्या जिभेला कसली म्हणून चव कळत नव्हती. अन्न गोड लागेना, म्हणून पोटही बिघडलं. खानावळीत कुणाला पत्ता नव्हता. रोज बायको मागच्या दाराशी येऊन चमचाभर चाखायची, "मीठ हवंय" म्हणायची, म्हणून नोकरी टिकून होती. आता सिस्टरना काय सांगायचं?

"आ करा, काका."

फवारा सुटला आणि आचाऱ्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"कडू," तो म्हणाला. "कडूजहर आहे हो." आणि चक्क हसायला लागला. "अजून एकदा मारा ना."

"औषध आहे ते, सरबत नाही," सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात जीभही बधिर झाली आणि चव पुन्हा गायब. तपासणीत काळजीचं काही निघालं नाही, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तासभर काही प्यायची बंदी होती, म्हणून तो बाहेर थर्मास घेऊन बसलेल्या बायकोशेजारी येऊन टेकला.

"आली होती गं. परत गेली असेल तर?"

"गप बसा जरा," बायको म्हणाली. धीर तिलाही नव्हता.

तास सरला. तिने थर्मासमधून चहा ओतला. त्याने घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि तिच्याकडे रोखून पाहिलं.

"यात साखर नाही."

"कमी पडली असेल."

"कमी नाही. नाहीच."

बायको थर्मासचं झाकण उगाच फिरवत बसली. "डॉक्टर कधीपासून सांगत होते, साखर बंद करा म्हणून. तुम्हाला कळत नव्हतं, तेवढ्यात उरकून घेतलं."

"म्हणजे तापापासून?"

"भाजीतलं तेलही."

आचारी पोट धरून हसला. मग तो फिका चहा चाखत चाखत संपवून त्याने कप पुढे केला.

"ओत अजून. आणि उद्यापासून मागच्या दाराशी येऊ नकोस. मीठ माझं मी बघतो."