घेतली की एक दाबा

मी एक मेसेज बोलतोय. मला वजन नाही, हातपाय नाहीत. अंगावर दोनच ओळी : 'जेवणाआधी गोळी घ्या. घेतली की एक दाबा.'

शंकर नगरच्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या नर्स रीनादीदीनं शुगरच्या मराठी पेशंटसाठी मला लिहिलं, दोनदा वाचून पाहिलं आणि फोनांवर पाठवायला मशीनकडे सोपवलं. तेव्हापासून रोज सकाळी दहाला मी नव्यानं जागा व्हायचो. टॉवरवरून सुटलो की खाली तळी, गच्च्यांवर वाळत घातलेली लुगडी, देवळांचे कळस, सगळं पाण्यातल्यासारखं हलायचं. कुठं चाललोय ते कळायच्या आतच मी पुरानी बस्तीत, सुशीलाबाईंच्या बटणांच्या फोनमध्ये अलगद उतरलेला असायचो.

सुशीलाबाईंचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यापासून त्या एकट्याच. शुगर जुनी. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती काही भरत नव्हती. शुगर आटोक्यात राहिली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलेलं.

मी आलो की त्या चष्मा शोधायच्या, मला मोठ्यानं वाचायच्या, गोळी घ्यायच्या आणि एक दाबायच्या. वर म्हणायच्या, "घेतली रे बाबा, घेतली." तो 'एक' आला की कुणी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं मला.

मग नवरात्र बसलं. पहिल्या दिवशी 'एक' आला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. 'एक' आला नाही तर कुणाला कळवायचं, हे मशीनला सांगितलेलंच नव्हतं. मी उतरायचो, वाचला जायचो आणि तसाच पडून राहायचो. पाच दिवसांचे पाच मी, एकावर एक. बाहेर आरतीची घंटी वाजायची. मधूनमधून माठावरचं झाकण वाजायचं, कितीदा तरी. फार तहान लागत होती त्यांना. मला हाक मारता येत नव्हती.

पाचव्या दिवशी शेजारच्या कांताबाई आल्या. दुसऱ्याचा फोन उचलून वाचायची त्यांना भारी हौस.

"काहून वो सुशीलाबाई, पाच दिवसांपासून याले जवाबच नाही? भांडण झालं का?"

"भांडण कशाचं बाई! जेवणाआधी गोळी घ्या म्हणते तो. मी जेवून कुठं राहिली? उपास आहे नऊ दिवस."

"मंग खाता काय?"

"फराळ. साबुदाणा, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचे लाडू."

"अवं माय! एवढं तर मी जेवतही नाही!"

कांताबाईंनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. पलीकडे रीनादीदीचा आवाज चढला, "मावशी, शुगरले काय मालूम फराळ का जेवण! ऑटो करा अन् आत्ताच घेऊन या त्यांले."

शुगर चारशेच्या वर निघाली. जखम लाल झाली होती. दोन दिवस त्यांना तिथंच ठेवलं. मी उशीजवळच्या फोनमध्ये होतो, म्हणून ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "अंगठा वाचला. आणखी चार दिवस गेले असते तर..." कांताबाई पदरानं डोळे पुसत सुशीलाबाईंनाच रागावल्या, "देवीनं गोळी सोडाले सांगितलं होतं का तुमाले?"

रीनादीदी मशीनसमोर बसली. तिच्या घरी घट बसत नाहीत, त्यामुळे मला लिहिताना तिला हे सुचलंच नव्हतं. "चूक माझी," ती म्हणाली आणि तिनं नवा मेसेज लिहिला : 'जेवण असो की फराळ, गोळी घ्या. उपास धरायचा असेल तर आधी दवाखान्यात विचारा.'

आता रोज तो जातो. मी जुन्या मेसेजांत पडून असतो. सुशीलाबाईंचा आवाज लांबून येतो, झोपेत ऐकू यावा तसा. तो ऐकू येतो, एवढ्यावर मी खूश आहे.

एकच मागणं आहे. तुमच्या शेजारीही कुणाला शुगर असेल. येताजाता आत डोकावा. गोळी घेतली का, विचारा. नाही म्हणाले, तर काहून तेही विचारा. ते विचारायचं माझ्यात कुणी लिहिलं नव्हतं.